बुडातली पेज

फल्लाच्या हातच्या शेवया खाल्ल्या नाहीत असा माणूस सांगके नदीच्या या काठावर शोधून सापडला नसता. सकाळी सहाला ती खांद्यावर कावड टाकून निघायची. पुढच्या टोपलीत केळीच्या पानांवर तांदळाच्या ओल्या शेवयांची पांढरी वेटोळी, मागच्या टोपलीत माशाच्या हिरव्या रश्श्याचं पातेलं, आणि वर केळफूल, काकडी, कमळाचे देठ असं सगळं बारीक चिरलेलं. कुणी म्हणायचं, "मावशी, माझ्यात मासा जास्त घाल." ती म्हणायची, "नदी काय माझी एकटीची आहे? जा, पकडून आण, घालते." असं तोंड चालवत, हात त्याहून जोरात चालवत, नऊ वाजेपर्यंत ती अख्ख्या गावाचं पोट भरून मोकळी व्हायची.

आणि या बाईला स्वतःला जेवताना गावात कुणी पाहिलं नव्हतं.

लोक काय, काहीही बोलतात. कुणी म्हणे हिला कसलं तरी व्रत आहे, कुणी म्हणे दात खराब असतील. तिचा नवरा थुओन रिक्षा चालवायचा आणि रिक्षापेक्षा जीभ जास्त चालवायचा. तो सगळ्यांना सांगायचा, "आमची ही वाऱ्यावर जगते. इतकी स्वस्त बायको बत्तंबांग जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला मिळाली नाही." लोक हसायचे, फल्लाही हसायची. पण थुओनला ठाऊक होतं. नवऱ्याला आणि मुलीला वाढून झालं की ती आपला वाडगा घेऊन घराच्या मागे जायची. तिथं पावसाचं पाणी साठवायचा मोठा रांजण होता. त्या रांजणाकडे तोंड करून, उकिडवी बसून, वाडगा छातीशी धरून ती सगळं एका दमात घशाखाली लोटायची. मग वाडगा विसळून, तोंड पुसून, जणू काही घडलंच नाही अशी पुढं यायची.

मालिस, तिची एकुलती एक मुलगी, सहा वर्षांची असताना एकदा रांजणामागे लपून बसली होती. आई जेवते कशी हे तिला बघायचं होतं. तिनं बघितलं, आणि आईनं तिला बघितलं. त्या दिवशी मालिसला आयुष्यातली पहिली आणि शेवटची थप्पड बसली. मारून झाल्यावर फल्ला स्वतःच इतकी थरथरायला लागली की शेवटी पोरीनंच आईला पाणी आणून दिलं. त्यानंतर मालिस कधी घरामागे फिरकली नाही.

आता मालिस बावीस वर्षांची झाली होती आणि तिचं लग्न ठरत होतं. मुलगा चांगला होता. सेइहा नाव, मोटरसायकली दुरुस्त करायचा, दारूच्या वाटेला जात नव्हता. फल्लानं खोट काढावी असं त्याच्यात काही नव्हतं. फक्त एक गोष्ट होती. तो नदीच्या पलीकडच्या काठचा होता.

फल्ला पलीकडे जात नसे. होडीनं दहा मिनिटं लागायची, तिकडे गिऱ्हाईकही भरपूर होतं, पण बत्तीस वर्षांत तिनं त्या काठावर पाय ठेवला नव्हता. विचारलं तर म्हणायची, "होडीत माझं डोकं गरगरतं." नदीकाठी राहणाऱ्या बाईचं डोकं होडीत गरगरतं म्हणे! पण थुओन यावर कधी थट्टा करायचा नाही, आणि थुओन जिथं थट्टा करत नाही तिथं काहीतरी आहे हे मालिस लहानपणीच शिकली होती.

लग्नाची बोलणी करायला मुलाकडची मंडळी यायच्या आदल्या दिवशी मालिस आईपाशी येऊन बसली.

"आई, एक मागू?"

"सोन्याची साखळी मागू नकोस, तुझ्या बापाच्या रिक्षाचं इंजिन गेलंय."

"साखळी नको. लग्नाच्या दिवशी माझ्या शेजारी बसून जेव. सगळ्यांच्यासमोर. एवढंच."

फल्लानं केळफुलाच्या पाकळ्या सोलता सोलता मान खाली घातली. "बघू," ती म्हणाली. या बाईच्या तोंडी 'बघू' म्हणजे 'नाही' हे घरातल्या मांजरालासुद्धा कळायचं. मालिस उठून गेली. तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं, पण ती चुपचाप गेली.

आता हे कुठून आलं ते सांगायला हवं.

लाल ख्मेर बंडखोरांचं राज्य आलं तेव्हा फल्ला सात वर्षांची होती. त्या काळाबद्दल इकडची माणसं फार बोलत नाहीत. बोललीच तर तीन वर्षं, आठ महिने, वीस दिवस एवढं म्हणतात आणि विषय बदलतात. फल्लाला शहरातून आईवडलांबरोबर नदीच्या पलीकडच्या वस्तीवर हाकलत आणलं. वडील पहिल्याच वर्षी उपासमारीनं अंग सुजून गेले. मग 'संघटने'नं घराघरातल्या चुली बंद केल्या. राज्य करणारे स्वतःला संघटना म्हणवून घ्यायचे. घरात भांडं सापडलं तरी गुन्हा. एक लांबलचक छपरी बांधली, आणि सगळ्यांनी तिच्यात ओळीनं बसून समूहाच्या कढईतली पेज प्यायची असा हुकूम निघाला. पेज कसली, कोमट पाणीच ते. पण तांदळाची शितं वर तरंगत नाहीत, बुडाशी बसतात. वाढणारणीची पळी किती खोल जाते यावर माणूस पुढचा महिना बघणार की नाही ते ठरायचं.

फल्लाची आई त्या कढईवर पेज ढवळायला होती. लेकीची पाळी आली की तिची पळी अलगद बुडापर्यंत जायची. पण त्याआधी तिनं मुलीला चुलीमागे उभं करून घोटून घेतलं होतं: भिंतीकडे तोंड कर, वाडगा छातीशी धर, एका दमात पी, वाडगा कुणाला दाखवू नकोस.

फल्ला दीड वर्ष तसंच करत आली. नऊ वर्षांची असताना एके दिवशी ती विसरली. विसरली असंही नाही. त्या दिवशी वाडग्यात इतकी शितं होती की तिला आनंद झाला. ती ओळीकडे तोंड करून बसली, एकेक शीत बोटानं उचलून जिभेवर ठेवू लागली, आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, "बघ माझ्यात किती आहेत." मान वर केली तर मुलांच्या तुकडीची पुढारीण समोर उभी. तिनं वाडग्यात बघितलं आणि काही न बोलता पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर आई नव्हती. दुसऱ्याच बाया होत्या. फल्लानं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "शिकायला गेली." त्याच दिवशी मुलांची तुकडी दूर कालवा खणायला हलवली. नऊ वर्षांच्या पोरीनं मनाशी गाठ बांधली: मी दाखवून खाल्लं, म्हणून आई गेली. ती गाठ पुढं कुणी सोडवली नाही, कारण तिनं कधी कुणाला दाखवलीच नाही.

आणखी एक होतं. इकडे पावसाळा सरताना पितरांचा पंधरवडा असतो. मेलेली माणसं सात विहार हिंडतात आणि आपल्या नावानं कुणी घास ठेवलाय का ते शोधतात. नाही सापडला तर उपाशी परततात. थुओन आपल्या घरच्या अकरा माणसांची नावं पुरोहितांना लिहून द्यायचा. फल्ला वडलांचं नाव द्यायची. आईचं देत नव्हती. आई मेली हे कुणी पाहिलंय? शिकायला गेली म्हणाले होते. जिवंत माणसाला मेलेल्यांच्या पंगतीला हाक मारणं म्हणजे आपल्या तोंडानं त्याला मारणं. आणि मेली असेल तर? तर चौतीस वर्षं ती सात विहारांच्या दारांत उपाशी उभी राहून परत जात असेल. दर वर्षी त्या पंधरा दिवसांत फल्लाचं वजन उतरायचं.

बोलणी करायला सेइहाची आजी आली. त्याचे आईबाप थायलंडला कामाला होते. पोराला आजीनंच वाढवलं होतं. योन आजी म्हणजे वाळल्या सुपारीसारखी म्हातारी, तोंडात पान, डोक्याला चौकड्याचं फडकं, आणि नजर सुईसारखी. होडीतून उतरल्या उतरल्या तिनं मालिसचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले.

"हात काम करतात का गं, का नुसते मोबाईलवर चालतात?"

थुओन म्हणाला, "आजी, त्या मोबाईलवरच तर तुमच्या नातवानं हिला पटवलं. मोबाईलला नावं ठेवू नका, आपला मध्यस्थ आहे तो."

म्हातारी पान सांभाळत हसली आणि तिथून पुढं बोलणी सोपी झाली. दिवस ठरला, पाहुणे किती ते ठरलं, आणि जेवायची वेळ झाली. फल्लानं शेवया वाढल्या. योन आजीनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाली, "रस्सा झकास आहे. तू पण बस की."

"माझं झालंय, आजी."

"कधी झालं? आत्ता तर चुलीवरून उठलीस."

थुओन मध्ये पडला. "आमची ही वाऱ्यावर जगते, आजी."

जेवण आटोपलं, पुरुषमंडळी रिक्षाच्या इंजिनात डोकी घालून बसली. म्हातारी पान थुंकायला घराच्या मागे गेली. आणि तिथं तिनं पाहिलं: रांजणाकडे तोंड, उकिडवं अंग, वाडगा छातीशी, एक दम.

"सरळ हो, पोरी," मागून आवाज आला. "आता मागं कुणी उभं नाही."

फल्ला दचकून उठली. रस्सा हनुवटीवर ओघळला होता. संताप तर असा आला की तिला म्हातारीला नदीत ढकलून द्यावंसं वाटलं.

"पाहुण्यांनी घराच्या मागे यायचं नसतं, आजी."

"असं प्यायला तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. सवय आहे."

"ही सवय नव्हे. हे शिकवलेलं आहे. डावा पाय पुढं, वाडगा छातीला, तोंड भिंतीकडं. मी जिच्या शेजारी पेज ढवळायचे तिनं आपल्या पोरीला चुलीमागं उभं करून हे शिकवलं होतं. मी तिथंच बसून लाकडं सारत होते." म्हातारीनं एक पाऊल पुढं टाकलं. "कुंथिआची तू कोण?"

आईचं नाव फल्लानं चौतीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती रांजणाला पाठ लावून तशीच खाली बसली.

"मुलगी," ती म्हणाली.

मग जे आत होतं ते सगळं बाहेर पडलं. आधी सांगितलेलं नसल्यामुळं त्याला ना शेंडा ना बुडखा. शितं, शेजारची मुलगी, पुढारीण, सगळं एकात एक. शेवटी ती म्हणाली, "मी दाखवून खाल्लं, आजी. माझ्यामुळं नेली तिला."

योन आजी तिच्यासमोर जमिनीवर बसली. म्हाताऱ्या गुडघ्यांना बराच वेळ लागला.

"एकट्या तिला नेली असं कुणी सांगितलं तुला? सहा जणी होतो आम्ही चुलीवर. पाच नेल्या. मी तापानं फणफणून पडले होते, म्हणून राहिले. त्या रात्री दक्षिणेकडून नवे पुढारी आले. आधीच्या पुढाऱ्यांनाच त्यांनी उचललं, मग त्या जुन्यांनी नेमलेल्या माणसांना उचललं. तुझी ती पुढारीण, तीसुद्धा त्याच बैलगाडीत होती. त्यांना चुलीवर आपल्या बायका हव्या होत्या. तुझ्या वाडग्यातली शितं बघायला कुणाला सवड होती, बाई?"

"तुम्हाला काय माहीत? तिनं आधी सांगितलं असेल."

"असेलही. नसेलही. पण उरलेल्या चौघींना काय पोरी होत्या का शितं दाखवायला?"

मग फल्लानं तो प्रश्न विचारला, जो विचारायची तिला सगळ्यात जास्त भीती होती. "मेली कशावरून? शिकायला गेली म्हणाले होते."

म्हातारीनं तोंडातलं पान बाहेर काढून हातात धरलं. "दहा दिवसांनी कपडे वाटले. मला काळं सारोंग मिळालं. काठाला निळ्या दोऱ्याचे टाके होते. तो दोरा मीच कुंथिआला दिला होता."

"आणि तुम्ही ते नेसलात?"

"नेसले. दीड वर्ष नेसले. दुसरं नव्हतं माझ्याकडं."

फल्ला उठली. वाडगा विसळला, पालथा घातला. "आता निघा, आजी," ती म्हणाली.

होडी परत गेली. लग्नाचं काय, कुणाला कळेना. पुढचे तीन दिवस फल्लाच्या शेवया नीट जमल्या नाहीत. पीठ कधी सैल, कधी घट्ट. उकळत्या पाण्यात पडल्या की तुटायच्या. गावात बोंब झाली. "मावशी, आज शेवया आहेत का कण्या?" तिनं पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं नाही, तेव्हा गाव घाबरलं.

खरं सांगायचं तर तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट राग आला. घरदार गेलं, फोटो नाही, आईचा चेहरासुद्धा धूसर झालेला; आईचं म्हणून तिच्याजवळ काही उरलं असेल तर तो दोष होता. तो ती चौतीस वर्षं जपत आली होती. आणि ही पान चघळणारी म्हातारी येते काय आणि तोही काढून घेते काय.

चौथ्या दिवशी पहाटेच मायलेकी शेवया पाडायला बसल्या. इकडचा सोऱ्या चांगला हातभर मोठा असतो. त्याच्या लांब दांडीवर एकीनं बसून आपलं वजन टाकायचं आणि दुसरीनं खाली आधणात पडणाऱ्या शेवया सांभाळायच्या. मालिस दांडीवर बसली होती, फल्ला पाठमोरी कढईपाशी. पाठमोरीच तिनं मुलीला सगळं सांगितलं. थप्पड का मारली तेही सांगितलं. वरून शेवया पडत होत्या, मध्येच थांबत होत्या, कारण दांडीवरची पोर रडत होती.

"लग्न मोडायचं तर मोड," मालिस शेवटी नाक ओढत म्हणाली. "सेइहाला मी समजावीन. पण आई, ती आजी सोडून तुझ्या आईला ओळखणारं दुसरं कोण आहे जगात?"

"वजन टाक नीट," फल्ला म्हणाली. "तुटतायत."

पण त्या दिवशी सहाला कावड घेऊन ती रोजच्या गल्लीत वळली नाही. ती धक्क्यावर गेली. होडीवाला तिच्याकडे बघतच राहिला. "मावशी, डोकं गरगरेल ना?" "गरगरलं तर तुझ्या अंगावर ओकेन," ती म्हणाली, आणि होडीत बसली.

पलीकडे ती छपरी नव्हती. तिथं आता मक्याचं शेत होतं आणि कडेला एक फोनचा मनोरा. फल्ला शेताशी थोडा वेळ थांबली. तिला वाटलं होतं, इथं आलं की काहीतरी होईल. मक्याची पानं हलत होती, एवढंच. मग ती योन आजीच्या घराशी गेली आणि कावड खाली ठेवली.

आजी दारात भोपळा चिरत होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"सारोंगाचं काही बोलायला आली असशील तर बोल," म्हातारी म्हणाली. "मी ऐकून घ्यायला बसलेय. कधीपासून बसलेय."

"नाही," फल्ला म्हणाली. "तुम्हाला ऊब मिळाली ना त्यानं? मग झालं. तिचं कुणाच्या तरी अंगी लागलं." मग खांद्यावरच्या फडक्यानं घाम पुसत ती खालच्या पायरीवर बसली. "मी दुसरं विचारायला आलेय. लग्नात पितरांच्या पंगतीला आईला हाक मारायची म्हणजे तिच्यासमोर ताट मांडायला लागणार. तिला काय आवडायचं? मला पेजेशिवाय काही आठवत नाही."

योन आजीची सुरी थांबली. आणि मग ती हसायला लागली, अशी की बोळक्यातला एकुलता एक दात दिसला.

"काय आवडायचं? अगं, पाणी ढवळता ढवळता आम्ही दिवसभर हेच करायचो. तोंडानं स्वयंपाक! एक जण बदक भाजायची, एक जण नारळाची खीर करायची. आणि तुझी आई, रोज, न चुकता, भरलं कारलं. आत डुकराचा खिमा आणि मिरी. आम्ही ओरडायचो, अगं उपाशी मरताना तरी गोड कर काही! आणि वर ही भांडायची. कारल्याला मीठ लावून पिळायचं नाही म्हणे. पिळलं की कारल्याचा जीव जातो."

"कारलं?" फल्ला म्हणाली. तिच्या घरात कारलं येत नव्हतं. तिला कारलं बघवत नव्हतं. "कारलंच? दुसरं काही नाही?"

"कारलंच. कडू जहर."

फल्लाला हसू आलं. कुठून आलं ते तिचं तिला कळलं नाही, पण आलं, आणि ते थांबेपर्यंत डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईचा चेहरा अजून दिसत नव्हता. पण कारल्यावरून भांडणारी एक बाई तिला आता स्पष्ट ऐकू येत होती. म्हातारीनं तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं, आणि टोपलीतल्या शेवयांना माश्या लागल्या तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. आधी वऱ्हाड फळांची ताटं घेऊन वाजतगाजत आलं, मग घरातल्या पितरांना जेवायला बोलवायचा विधी सुरू झाला. चटईवर ताटं मांडली, चहाचे आणि तांदळाच्या दारूचे पेले ठेवले, उदबत्त्या लावल्या. पुरोहित काकांनी कागद काढला आणि थुओनची अकरा माणसं एकेक करून बोलावली. फल्लाचे वडील बोलावले. मग कागद मिटायला लागले.

"थांबा, काका," फल्ला म्हणाली. "अजून एक आहे."

काका गावचे जुने माणूस. ते थांबले, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "नक्की का गं, फल्ला? एकदा हाक मारली की मागं घेता येत नाही."

"नक्की." तिनं ओल्या आवाजात नाव सांगितलं. पूर्ण नाव, घराण्यासकट. "आई, ये. उशीर झाला मला. ये, जेव."

तीन वेळा चहा ओतला, तीन वेळा दारू ओतली. भरल्या कारल्याचं पातेलं मधोमध होतं. योन आजी वऱ्हाडाची, पण आदल्या दिवशीच येऊन चुलीपाशी ठाण मांडून बसली होती. कारल्याला मीठ लावायला आलेल्या एका पोरीच्या हातावर तिनं चक्क पळी मारली होती. उदबत्त्या संपेपर्यंत सगळे थांबले. पितरांना जेवायला वेळ द्यावा लागतो, आणि यातल्या एका बाईला तर जरा जास्तच लागणार होता.

उदबत्त्या विझल्या. आता ते अन्न जिवंतांनी खायचं. पितरांचं उरलेलं घरच्या माणसांनी आधी तोंडात घालायचं असतं. मालिस लग्नाच्या सोनेरी कपड्यांत, डोक्यावर फुलांचा भार सांभाळत बसली होती. तिनं आईकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. मागचा अनुभव होता.

फल्लाचे डोळे मागच्या दाराकडे गेले. तिथून रांजण दिसत होता. रिकामा वाडगा तिच्या हातात होता, आणि गुडघे सवयीनं उठायला लागले होते. अख्खी पंगत तिच्याकडे बघत होती. इतकी वर्षं जिनं आपल्याला वाढलं ती आज काय करते म्हणून. योन आजी समोर होती. ती नुसतं पान चघळत राहिली.

फल्ला खाली बसली. पंगतीकडे तोंड करून, मांडी घालून, मालिसच्या अगदी शेजारी.

वाडग्यात कारलं वाढून घेऊन तो तिनं छातीपासून दूर, समोर धरला. कारल्याचा एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला, आणि तिचं तोंड असं वाकडं झालं की पंगतीतली पोरं फिदीफिदी हसली. थुओन ओरडला, "बघा रे, वाऱ्यावर जगणारी बाई खाली उतरली!" ती चावत होती, सावकाश, एकेक घास. कडू होतं, अगदी जहर. आणि आईचं बरोबर होतं. पिळलं असतं तर बिघडलं असतं.

मालिस आता बघत होती. काजळ गालावर आलं होतं, आणि तिला पुसायचं भान नव्हतं.

फल्लानं रिकामा वाडगा तिच्यापुढं धरला.

"आणखी वाढ," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पळी खाली घाल, पोरी. बुडातलं वाढ."